टपाल कचेरीच्या नऊ काचा

३ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या खिडकीचं माप पाठव. उंची आणि रुंदी, चौकटीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत. तेवढंच काम आहे, म्हणून लिहितोय.

काचेच्या पेट्या आणणारा ट्रकवाला परवा दुकानात आला होता. तोच जुना, एक डोळा बारीक करून बोलणारा. बाबा आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "तुझा दादा भेटला बंदरावर. गोदामात पेट्या उचलतो. खोलीवर नेऊन चहा पाजला मला. अरे, काचवाल्याचा पोरगा आणि खिडकीला पुठ्ठा!" आणि तो हसला. मीही हसलो, मग मागे जाऊन पाणी प्यायलो. पत्ता त्यानेच दिला. तू घर सोडून अडीच वर्षं झाली, आणि तुझा पत्ता मला एका ट्रकवाल्याकडून मिळाला.

शब्दकोश शेजारी ठेवून लिहितोय. शाळा आठवीत सुटली, पण शब्द तपासायची सवय सुटली नाही. तू मला फूटपट्टी म्हणायचास ते काही खोटं नव्हतं.

घरी ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात. बाबांना कमी ऐकू येतं. काच कापायची हिरकणी अजून तेच चालवतात. काचेवर रेघ नीट पडली की नाही, हे ते आवाजावरून ओळखायचे ना? आता रेघ ओढली की माझ्या तोंडाकडे बघतात. मी मान हलवली की मगच काच मोडतात.

पुठ्ठा काढून टाक. त्याला ओल धरते.

तुझा धाकटा भाऊ


१ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो.

दुकानाबद्दल लिहितो, म्हणजे तुला वाचायला बरं वाटेल. हल्ली काच फार खपत नाही. सात वर्षांपूर्वी पहिला स्फोट झाला, न्यायालयाजवळ, तेव्हा आठवतं? आपण तिघं चार दिवस घरी न जाता काचा बसवत होतो. बाबांची छाती फुगली होती. "गावाच्या उपयोगी पडलो," म्हणाले. न्यायाधीशांनी स्वतः येऊन त्यांचा हात हातात घेतला. पुढच्या वर्षी बँकेत स्फोट झाला. तेव्हा लोकांनी जशी होती तशीच काच मागितली, फक्त आतून चिकट फिल्म लावा म्हणाले. मग बाजार. तेव्हापासून जाळीची काच. टपाल कचेरीनंतर मात्र लोकांनी काचच नको म्हटलं.

आता येतात ते खिडकी लहान करायला. मुख्याध्यापक परवा आले होते. शाळेच्या खिडक्या छातीच्या उंचीपर्यंत विटांनी बुजवल्यात, वर फक्त वीतभर झरोका. "मुलं बाहेर बघत नाहीत, अभ्यास बरा होतो," असं म्हणाले, आणि मग झरोक्याच्या काचेचा भाव विचारला. न्हाव्याने आरसा समोरच्या भिंतीवरून काढून बाजूच्या भिंतीवर लावून घेतला. दाढी करताना त्याला दाराकडे पाठ नको होती. मी म्हटलं, "काका, पण गिऱ्हाईकाला स्वतःचं तोंड अर्धंच दिसतंय." तो म्हणाला, "अर्धं पुरे. सगळं बघून कुणाचं भलं झालंय?"

आपल्या घरी आईने पुढच्या खोलीच्या खिडकीला फळ्या ठोकून घेतल्या आहेत. दिवसा दिवा लावून बसते. कुणी विचारलं तर सांगते की ऊन डोळ्यांना लागतं.

ती मापांची वही अजून पोलिसांकडेच असावी. कोणी परत दिलेली नाही.

खिडकीचं माप पाठव.

धाकटा


९ एप्रिल

दादा,

आज टपाल कचेरीत गेलो होतो, तुझ्या पत्रांसाठी तिकिटं आणायला. दर्शनी बाजूला आता सलग भिंत आहे. आत जायला एक अरुंद दार, त्यात झडती घेणारा माणूस. त्याने माझ्या खिशातून लांबीचा गोळा काढला आणि वास घेतला. मी सांगितलं, काच चौकटीत बसवायला लागते ती. त्याने तो तरीही ठेवून घेतला. आत ट्यूबलाइट. तिकिटांच्या खिडकीवर एक पुरुष बसतो, तो मान वर करत नाही.

आधी तिथे ती बसायची, ती करायची. मी तिच्या खिडकीचं माप घ्यायला गेलो तेव्हा म्हणाली होती, "काय रे, सदरा शिवतोस काय माझ्या खिडकीला?" मी लाजलो. मग म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, एक दिवसाआड एकच कार्ड नेण्यापेक्षा एकदम गठ्ठा ने. माझेही पाय दुखतात उठून." पण कार्डं तर तिच्या हाताशीच असायची, दादा. ती उठायचीच नाही. मी तुला सांगितलं तेव्हा तुझे कान लाल झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा एकच कार्ड आणलंस. तुझ्या उशीखाली कोऱ्या पिवळ्या कार्डांची केवढी चवड होती! आई म्हणायची, "एवढी पत्रं कुणाला लिहिणार आहे हा? याला तर वाणसामानाची यादी लिहायचाही कंटाळा."

ती पिवळी कार्डं आता छापत नाहीत. पांढरी आली आहेत.

मला दुसरंच काही लिहायचं होतं. पुढच्या पत्रात लिहीन.

धाकटा


१७ मे

दादा,

राजधानीतल्या बसतळावर झालं ते तू वाचलं असशील. इथे आम्ही बातम्या ऐकत बसलो होतो. आईने पोळपाट तसाच ठेवला आणि आत जाऊन पडली. बाबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मला विचारलं, "किती?" मी बोटांनी दाखवायला लागलो आणि बोटं पुरली नाहीत.

आज ट्रकवाला आला. यावेळी हसला नाही. म्हणाला, "तुझ्या दादाला पाच दिवस आत ठेवलं होतं. बसतळाचं झालं त्याच संध्याकाळी उचललं. बंदरावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे, देशात कुठेही काही झालं की याला घेऊन जातात. यादीत नाव आहे म्हणे. या खेपेला परत आला तर डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत त्याची. पेटी उचलताना पाहिलं मी."

मला वाटायचं, तुला फक्त दर सोमवारी चौकीवर सही करावी लागते. शपथेवर सांगतो, मला एवढंच माहीत होतं. आणि तेवढ्यावर मी स्वतःला सांगत होतो की सही तर आहे, तिला काय लागतं.

आता क्रमाने लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. मी हे एकदाही कुठे लिहिलेलं नाही आणि कुणाला सांगितलेलं नाही.

वही माझी होती. बाजाराच्या स्फोटानंतर मला झोप लागेनाशी झाली. डोळे मिटले की एखादी खिडकी फुटायची. मग मी मापं घ्यायला लागलो. न्यायालय, शाळा, दवाखाना, ग्रंथालय, पोलीस चौकीसुद्धा. दुकानाच्या कामाला गेलो की शेजारच्या इमारतीचंही माप घ्यायचो. वाटायचं, गावातल्या सगळ्या खिडक्या वहीत असल्या तर काहीही झालं तरी संध्याकाळपर्यंत सगळं होतं तसं करता येईल. वहीत एक पान भरलं की त्या रात्री झोप यायची.

पुढे मापंही पुरेनात. मी काचा कापून ठेवायला लागलो. न्यायालय झालं, बँक झाली, बाजार झाला. नकाशावर या तिन्हींच्या मधोमध टपाल कचेरी होती. म्हणून तिच्या नऊ काचा कापल्या, प्रत्येक चौकटीपेक्षा एक सूत लहान, कागदात गुंडाळल्या, खडूने वर 'टपाल' लिहिलं आणि मागच्या भिंतीला उभ्या केल्या. तीन आठवडे त्या तिथे होत्या. तुला दिसल्या होत्या. तू म्हणालास, "फूटपट्टी, हे काय अभद्र करून ठेवलंयस?" मी म्हटलं, "लागल्या नाहीत तर उत्तमच."

लागल्या. दुपारी झालं आणि पाच वाजता मी हातगाडीवर काचा घालून निघालो. तिकिटांच्या खिडकीवरची ती गेली हे तोवर तुला कळलं होतं. मला नव्हतं. तू गाडीला मागून हात लावलास आणि बरोबर आलास. मला वाटलं, मदतीला आलास.

इन्स्पेक्टरने कागद फाडून पाहिलं. "आज दुपारी फुटल्या, आणि कापून, मोजून, नाव घालून आजच तयार?" मग गाडीवरच्या माझ्या पिशवीतली वही त्यांना सापडली. त्यांच्याच चौकीच्या खिडक्या त्यात होत्या. त्याने विचारलं, "कोणाची?"

मी 'माझी' म्हणणार होतो. हे खरं आहे की मी मागाहून रचलं, ते आता मलाही सांगता येत नाही. मी खडूच्या अक्षरांकडे बघत होतो. तेवढ्यात तू म्हणालास, "माझी." हस्ताक्षर कोणाचं आहे, हे कुणी पाहिलंच नाही. त्यांना एक माणूस हवा होता. तुला गाडीत बसवताना तू मला म्हणालास, "काचा घरी ने, जपून." मला वाटलं, जेवायच्या वेळेपर्यंत येशील. आई तुझं ताट झाकून बसली होती. मी जेवलो, दादा.

तू चौदा महिन्यांनी आलास. खटला नाही, आरोप नाही, नुसतं सोडून दिलं. बाबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आधी एक सांग. ती मापं कशाला घेतली होतीस?" तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही, रेघ ओढायला लागतो तेवढाच वेळ. मी लांबी मळत होतो, मळत राहिलो. तू आत जाऊन पिशवी भरलीस. उशीखालची कार्डं तेवढी आठवणीने घेतलीस.

तेव्हापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत. त्यांना वाटतं, तुला काहीतरी माहीत होतं. त्यांना वाटतं, त्या बाईंचं रक्त या घराला लागलंय. आणि मी रोज त्यांच्यासमोर मान हलवतो, रेघ बरोबर पडली म्हणून.

आता खिडकीचं माप मागत नाही.


२ जून

दादा,

घरी सांगितलं.

दुपारी जेवताना सांगितलं, कारण तेव्हा बाबा समोर असतात आणि तोंडाकडे बघतात. मोठ्याने बोलावं लागलं. शेजारच्यांनीही ऐकलं असणार. "वही माझी होती. काचा मी कापल्या. दादाने नाव घेतलं आणि मी गप्प बसलो."

बाबांना वाटलं, त्यांना चुकीचं ऐकू आलं. दुसऱ्यांदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. मग ते म्हणाले, "एवढी वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवत होतास तू?" मी हो म्हटलं. ते उठले, हात धुतले, दुकानात गेले आणि फळी लावून घेतली. दिवसाढवळ्या. संध्याकाळी मी उघडली तेव्हा हिरकणी हातात धरून नुसते बसले होते. समोर काच नव्हती.

आईचं वेगळंच. ती रडली नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं."

मी म्हटलं, "काय ठाऊक होतं?"

"मोठ्याला कधी एक माप धड घेता आलंय का? त्याने मापलेला पडदा जमिनीवर लोळायचा. आणि म्हणे त्याने वहीभर मापं घेतली! त्याच रात्री कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुलाही नेलं असतं. आणि त्यालाही सोडलं नसतं. म्हटलं, एक तरी घरात राहू दे." मग ती पदराआड काही पुटपुटली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "आई असून निवड केली मी. ते त्याला कळवू नकोस."

तिने नको म्हटलं तरी कळवतोय. या घरात गप्प बसून पुरेसं झालंय. तू तिला दोष देऊ नकोस. फळ्या तिने उन्हासाठी नाही मारल्या. त्या खिडकीतून रस्त्याचं वळण दिसतं, तुला नेलेली गाडी तिथूनच वळली होती.

उद्या चौकीवर जातो. दोन सदरे आणि टूथब्रश पिशवीत भरून ठेवलाय. यादीही केली आहे, काही राहायला नको.

धाकटा


२१ जून

दादा,

मी घरीच आहे. पिशवी तशीच भरलेली आहे.

तेव्हाचा इन्स्पेक्टर बदलून गेला, त्याच्यानंतरचा एका स्फोटात गेला. आताचा माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्याच्या टेबलाजवळच्या खिडकीत वाळूची पोती रचली आहेत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग चार वर्षं कुठे होतास?"

"दुकानात."

"आणि मापं का घेतलीस?"

"भीती वाटायची म्हणून."

"भीती वाटली की लोक पळतात. तू मापं घेतोस?"

"हो, साहेब."

त्याने पेन खाली ठेवलं. "माझी बायको दिवसातून सहा वेळा फोन करते. मी उचलला की काही न बोलता ठेवते," असं म्हणाला. मग एकदम आवाज बदलून हवालदाराला फाइल शोधायला सांगितलं.

फाइल मागच्या खोलीत होती. शोधायला मलाही नेलं. तिथे मागाहून घरून जप्त करून नेलेल्या माझ्या नऊ काचा होत्या. आडव्या ठेवलेल्या, एकावर एक, त्यांच्यावर फायलींचे गठ्ठे. काच कधी आडवी ठेवू नये, हे तू मला पहिल्या दिवशी शिकवलं होतंस. सगळ्या तडकल्या होत्या. कागदावर खडूची अक्षरं मात्र स्वच्छ होती.

त्यांनी माझ्याकडून एक पान लिहून घेतलं आणि वहीशी ताडून पाहिलं. जबाब झाला. मी म्हटलं, "आता दादाचं नाव निघेल ना यादीतून?" साहेब म्हणाला, "नाव घालायला एक सही लागते. काढायला अर्ज, चौकशी, वरची मंजुरी. पाठवतो मी. किती लागतील ते विचारू नकोस." तोवर यादीत दोन नावं राहणार. दर सोमवारी तू तिथे सही करायचीस, मी इथे.

काल पहिली सही केली. वळणदार आली. ती करताना तुझा हात कसा चालत असेल, असं वाटलं.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती बाई तिथेच आहे. तिच्या खिडकीचं माप अजून मला तोंडपाठ आहे, ते आता कुठल्याच खिडकीचं नाही.

धाकटा


८ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं.

पिवळं आहे हे पाहून पोस्टमन म्हणाला, "हे कुठून काढलं बाबा? हे तर बंद झालं." मला ठाऊक होतं कुठून. मी ते दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. वाचायला होतं तरी काय? उंची तीन फूट दोन इंच, रुंदी एक फूट अकरा. वर नाव नाही, खाली सही नाही. अक्षरं उजवीकडे कलली आहेत, आधी कलायची नाहीत. बोटांमुळे नसेल, तो तर डावा हात. मग कशामुळे, ते तूच जाणे.

आईने कार्ड घेतलं, मागे-पुढे पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच?" मग ते उशीखाली ठेवायला निघाली. बाबांनी हात पुढे केला. दोन महिन्यांत ते माझ्याशी कामापुरतंच बोललेत, दादा, आणि तुझ्याबद्दल तर तीन वर्षांत अवाक्षर नाही. त्यांनी चष्मा लावून ते दोन आकडे एवढा वेळ वाचले की मला वाटलं, दुसऱ्या बाजूला काही लिहिलंय की काय.

"इंचावरचे सूत कुठे आहेत?" ते म्हणाले.

"लिहिले नाहीत त्याने."

"वरची रुंदी की खालची?"

"तेही नाही लिहिलं."

"गाढव," बाबा म्हणाले. आणि चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

मी मोठ्याने म्हटलं, "अंदाजाने कापू का? ट्रकवाल्याबरोबर पाठवतो."

"खबरदार. त्याच्या मापावर काच कापशील तर तिथे जाऊन तडकेल. जाऊन मोजायचं. काच तिथेच कापायची."

"बरं. मी जातो."

"तू फक्त मोज. हिरकणी मी धरतो."

मी भीत भीत विचारलं, "पण रेघ नीट पडली की नाही, ते कोण ऐकणार?" कारण माझी मान आता त्यांना चालत नाही, दादा. दोन महिन्यांत माझ्याकडे बघून त्यांनी एकही काच मोडलेली नाही.

"तो आहे ना तिथे," बाबा म्हणाले.

तर असं आहे. सोमवारी सही करून मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतो. सहा दिवसांची परवानगी मिळाली आहे. आई येत नाही. कुणीतरी घरात हवं, म्हणते. पण सकाळी तिने खिडकीची खालची एक फळी काढून घेतली माझ्याकडून. एकच.

काच मोठी आणतोय, कापायला जागा असावी म्हणून. मोजणं मी करीन, वर, मध्ये आणि खाली. तू हात लावू नकोस.

आम्ही येईपर्यंत पुठ्ठा राहू दे.

तुझी
फूटपट्टी